धर म्हटलं की धरायचं

तीर्थरूप मामा यांना भाच्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (हातमोजे काढून).

आपला गुडघा आपलं ऐकत असेल आणि मामी ऐकत नसेल, म्हणजे घरी सगळं नेहमीसारखंच असेल, अशी आशा करतो. पत्राची सुरुवात ‘आपण’ने करावी असं आईने बजावलं होतं, ती झाली. आता ‘तू’च म्हणतो, कारण फार वेळ आदराने बोललो तर मामी लगेच म्हणेल, याला काहीतरी हवंय. मला काहीही नकोय. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा यंदाचा हालहवाल तुझ्या कानावर घालावा, एवढाच हेतू. मी छान खेळतोय असं आईने तुला फोनवर सांगितल्याचं कळलं. आई अजून एकही मॅच बघायला आलेली नाही, म्हणून तिचं मत टिकून आहे.

तर मामा, यंदा आम्ही जिंकलो, हरलो आणि बरोबरीतही राहिलो. कोणालाच नाराज केलं नाही. पहिली मॅच जिंकलो ती माझ्यामुळे, असं कॉलेजच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं. अगदी शेवटी मिळालेली पेनल्टी मी अडवली म्हणे. (खरं काय ते फक्त तुला सांगतो. मी उडी मारली उजवीकडे, बॉल आला डावीकडे, आणि माझा डावा पाय माझ्याबरोबर यायचा विसरला होता. बॉल त्याच्यावर आपटून बाहेर गेला.) फळ्यावर ‘प्रसंगावधान’ असा शब्द होता. प्रसंग माझा होता, अवधान पायाचं. मग आठवडाभर मी कॅन्टीनमध्ये छाती पुढे काढून फिरलो. तू पंक्चरचं रबर चिकटवून दिलेले हातमोजे वर्गातही घालून बसायचो, पेन धरता येत नसे तरी. चढेल तो पडेल, हे मला कोणी सांगितलं नाही असं नाही. मी वर होतो, ऐकू आलं नाही. त्यानंतरची मॅच बरोबरीत सुटली. तिच्यात काही घडलंच नाही. रेफरीने मध्येच एकदा घड्याळ कानाला लावून पाहिलं.

आता मूळ रड. लहानपणी तुझ्या सायकलच्या दुकानामागे तू मला शिकवलं होतंस की गोलकीपरला दोनच शब्द पुरतात. ‘सोड’ म्हणजे, बॉल सोड, मी आलोय. ‘धर’ म्हणजे, समोरचा गडी धर, त्याला मोकळा ठेवू नकोस. बाकीची बडबड घरी जाऊन करावी. हे ज्ञान मी आमच्या बचावाच्या दोन खेळाडूंना दिलं. एक दरवाजा. अंगाने तेवढा रुंद आहे म्हणून हे नाव, आणि स्वभावाने इतका आज्ञाधारक की सरांनी वर्गाबाहेर काढलं तर आत बोलवेपर्यंत जेवायलाही जात नाही. दुसरा पाहुणा. तो मैदानावर कोणाला आपला त्रास नको म्हणून कडेकडेने वावरतो. दोघांनी माना डोलावल्या. तिसऱ्या मॅचला समोरचा दहा नंबरवाला एकटाच आत घुसला आणि मी घशाच्या शिरा ताणून ओरडलो, धर!

दरवाजाने धरला. दोन्ही हातांनी, कमरेला, पाय जमिनीवरून उचलून. बॉल त्या दहा नंबरच्या पायातून सुटला आणि गडगडत माझ्याकडे निघाला. (नाचता येईना अंगण वाकडं, असं तू म्हणशील, पण आमचं मैदान खरोखरच पाण्याच्या टाकीकडे उतरतं, आणि मी त्या बाजूच्या गोलमध्ये होतो.) आता पेनल्टी बसणार हे दिसल्यावर मी आणखी जोरात ओरडलो, सोड! दरवाजाने लगेच सोडला. पण तोवर पाहुणा बॉलपाशी पोचला होता आणि तो आरामात बाहेर मारणार होता. ‘सोड’ ऐकल्याबरोबर त्याने शिकवल्याप्रमाणे बॉल सोडला. नुसता सोडला नाही, बाजूला होऊन त्याला वाट करून दिली. आणि मी? मी दरवाजाकडे बोट दाखवत उभा होतो. बॉल माझ्या शेजारून, कसलीही घाई न करता, जाळीत गेला. रेफरीने गोल दिला आणि वर दरवाजाला पिवळं कार्ड दाखवलं. दरवाजाने आधी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खरोखरच्या काळजीने विचारलं, “आता हे धरू का सोडू?”

तेव्हापासून कॉलेजात मला कोणी नावाने हाक मारत नाही. कॅन्टीनवालासुद्धा “चहा धर, रांग सोड” म्हणतो. मी धसकाच घेतला आणि मैदानावर ओरडणं बंद केलं. तोंड बंद ठेवलं, गोल उघडा राहिला. पुढच्या सगळ्या मॅच हरलो. येत्या रविवारची शेवटची हरलो तर टीम खालच्या गटात जाणार. काल कोचनी (हे मूळचे भौतिकशास्त्राचे; फळ्यावर काढलेला त्यांचा बॉल मात्र कधी चुकत नाही) मला प्रयोगशाळेत बोलावलं. नवीन आलेल्या उंच मुलाला गोलमध्ये उभं करू की तू राहतोस, तूच ठरव, म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते इतक्या मायेने बोलले की मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच नळ सुरू करून हात धुतले. विचार करून ठरवलंय की आपणच बाजूला व्हावं. टीमचं तरी भलं होईल.

बाकी सर्व क्षेम. मामीला नमस्कार.

तुझा, बचावातून वाचलेला,
भाचा

ता. क. : मॅच बघायला यायचं मुळीच मनात आणू नकोस. बसची पायरी उंच असते आणि तुझा गुडघा सध्या दुकानाचा उंबरा ओलांडायलाही कुरकुरतो, असं मामी म्हणाली.

दुसरा ता. क. : समजा आलासच, तर टाकीकडच्या गोलमागे सिमेंटचा कट्टा आहे. मी बसून पाहिलं. पाठ टेकते, पाय लांब करता येतो. तिथून ओरडलेलं गोलमध्ये स्पष्ट ऐकू येतं (पाहुण्याला ओरडायला बसवून तपासलं, तो आधी “ओरडू ना?” असं विचारत होता). हाफटाइमनंतर बाजू बदलतात, तेव्हा दरवाजा तुला उचलून पलीकडे नेईल. त्याला फक्त ‘धर’ म्हण. पोचल्यावर ‘सोड’ म्हणायला मात्र विसरू नकोस.

शेवटचा ता. क. : खेळू की नको, ते एका शब्दात कळव. ‘धर’ म्हणालास तर गोल धरून उभा राहीन. ‘सोड’ म्हणालास तर तूच शिकवलेला अर्थ घेईन, ‘मी आलोय’, आणि रविवारी सकाळी कट्टा पुसून ठेवीन.