दहावा माणूस

दादा,

बाबांच्या स्मरणदिनाची प्रार्थना झाली, असं मी तुला फोनवर सांगितलं, ती शुद्ध थाप होती. त्या सकाळी आपल्या सिनेगॉगमध्ये नऊच पुरुष जमले होते. काकांनी दारातून मला दोनदा हाक मारली. ‘आलोच,’ म्हणत मी पर्यटकांना रंगीत काचा दाखवत राहिलो. एका बाईंनी विचारलं, ‘गाइडसाहेब, इथे अजून प्रार्थना होते का हो?’ मी पाठ केलेलं वाक्य ऐटीत फेकलं, ‘होते की! फक्त दहा पुरुष जमावे लागतात.’

त्यांना आत नेलं, तोवर नऊजण वाट पाहून निघून गेले होते. बाबांच्या बाकावर काकांनी पुस्तक उघडंच ठेवलं होतं. सगळ्यांनी त्याचे फोटो काढले. मी बाजूला सरकून जागा करून दिली.

तुझा धाकटा,
दारातला दहावा