कुमुदीची शेपटी

रेवस,
८ डिसेंबर २०२४

ती. सौ. काकू,

नमस्कार. वाकून केलाय असं समजा, कारण उंदीर मोजून मोजून कंबर आधीच वाकली आहे. काकांचा खोकला बसला का? सुपारी उतरवून झाली? फोनच केला असता, पण काका तो लगेच स्पीकरवर टाकतात, आणि हे आधी तुम्हाला एकटीला सांगायचंय.

इथे माझं छान चाललंय. संध्याकाळी मिठागराच्या बांधावर पिंजरे लावते. सकाळी सापडलेल्या उंदराची शेपटी, मागचं पाऊल, कान मोजते, डीएनएसाठी कानाचा कणभर तुकडा घेते आणि त्याला सोडून देते. जिच्याकडे राहते ती मनुबाई रोज विचारते, “बाय, उंदराचं कान मोजून पोट भरतं व्हय?” भरतं म्हटलं की हसत आणखी एक भाकरी वाढते.

तर, काकांचा उंदीर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे तेव्हा त्यांना तो हरिहरेश्वरच्या वाडीत सापडला. शेपटी लांब, म्हणून वेगळी जात ठरली आणि त्यांनी तिला तुमचं नाव दिलं, कुमुदी. “बायकोचं नाव काय उंदराला देतात?” म्हणून तुम्ही अबोला धरला होतात म्हणे. पण त्याचं चित्र चौकटीत घालून ओटीवर लावलंत तुम्हीच, आणि रोज पुसताही तुम्हीच.

काकू, ती जात वेगळी नाही. काकांचं मोजमाप चोख होतं, उंदीरच मोजके मिळाले होते. मी वाडीवाडीतून पुष्कळ धरले. शेपट्या लांब-आखूड सगळ्याच निघाल्या, आणि डीएनए पालीच्या डोंगरातल्या उंदराचाच. त्याचं नाव आधीचं, म्हणून तेच राहणार. काकांना वाईट वाटेल असं लिहिणार होते. खरं तर मला तुमचीच काळजी वाटते. तुमचं नाव अगदीच पुसत नाहीत हो, जुन्या नावामागे लिहून ठेवतात, माहेरच्या नावासारखं.

पण मिठागरातला हा उंदीर, ज्याला सगळे वाडीतलाच समजत होते, तो खरोखरच निराळा आहे. पाऊल लांब, डीएनए तर फारच दूरचा. त्याला नाव मी द्यायचंय. शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायची आमच्यात रीत नाही, म्हणून काकांच्या नावाचा एकही उंदीर आजवर नव्हता. आता होईल. मार्तंडी.

अडचण तुमचीच आहे. ‘अहो’ आणि ‘हे’ यांवर अख्खा संसार केलात, त्यांचं नाव घेतलंत ते फक्त उखाण्यात. ओटीवर नवं चित्र लागलं आणि पाहुण्यांनी विचारलं, तर काय सांगाल?

तेव्हा आधी हे नाव त्यांच्यासमोर घ्या, मग तुमचं गेल्याचं सांगा. या क्रमानं सांगितलंत तर ते हसतील, मला खात्री आहे. मग मला फोन करा, खुशाल स्पीकरवर टाका. उखाणा नको. नुसतं नाव ऐकायचंय, तुमच्या तोंडून.

तुम्हा दोघांची,
अनुया