तुळईवर ठेवलेली पुस्तके उतरवू देण्याबाबत

प्रति,
मा. श्री. केतन भुस्कुटे,
इमारत अधिकारी,
नर्मदातीर मराठी मंडळ,
सदर, जबलपूर.

विषय : वाचनालयाच्या जोडीव तुळईची तपासणी त्वरित व्हावी, अथवा तिच्यावरचे वजन उतरवण्यास परवानगी मिळावी.

संदर्भ : तपासणी होईपर्यंत वजन न हलवण्याचा आपला आदेश.

महोदय,

अर्जदार मंडळाच्या वाचनालयाचा निवृत्त ग्रंथपाल आहे. सुतारकाम त्याने फक्त वाचले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

१. वाचन-खोलीची मुख्य तुळई वाळवीने खाल्ली म्हणून खोली बंद आहे. तेवढ्या लांबीचे सागवान मंडळाला झेपणारे नाही, तेव्हा खोली मंडपवाल्याला गोदामासाठी द्यावी असे कार्यकारिणीत घाटत होते. अर्जदाराने भीतभीत सुचवले की, मोडक्या कपाटांचे तुकडे जोडून पाहावेत. अनुपम मिस्त्रींनी तुकड्यांच्या टोकांना बोटांत बोटे गुंतवावीत तशा खाचा पाडल्या, गोंद लावून लांब पट्ट्या केल्या, सांध्यावर सांधा येणार नाही अशा बेताने थर रचले आणि शिकंज्यांत आवळून तुळई तयार केली.

२. छतावर चढवण्याआधी तिची ताकद दिसावी, ही आपली अट रास्तच होती. तुळई व्हरांड्यात विटांच्या दोन ओट्यांवर ठेवली. मिस्त्री वाळूची पोती आणणार होते. पोती भिजली तर वजन बदलेल, अशी शंका अर्जदाराला आली आणि त्याने पुस्तके सुचवली. जाड म्हणून नेमकी वाचकांची आवडती. आपण त्यांना सुतळी बांधून लाखेची मोहोर लावलीत व आठवड्याभरात येतो म्हणालात. पुढे आपल्यामागे बरगीच्या शाळेचे काम लागले, हे अर्जदार समजू शकतो.

३. परंतु वजनाखाली राहिलेले लाकूड हळूहळू वाकत जाते, पावसाळी हवेत अधिकच. अर्ध्या इंचापर्यंत बाक चालेल, असे आदेशात आहे. प्रथम दोरी ताणून पाहिली तेव्हा बाक नावापुरता होता. आता तो मर्यादेला टेकला आहे. आणखी उशीर झाल्यास तुळई नापास होईल आणि खोली गोदामात जाईल. मिस्त्री विचारतात, "बाबूजी, परीक्षा ले रहे हो कि सज़ा दे रहे हो?" अर्जदार पुन्हा दोरी ताणून बाक मोजतो. आपल्याच सांगण्यात चूक झाली असेल, सांधाच कच्चा असेल, असेही त्याला मधूनच वाटते.

४. मंडळाच्या जुन्या वाचक श्रीमती कुंदाताई यांच्या कादंबरीचा दुसरा भाग ढिगाच्या तळाशी आहे. "काहून दाबून राहिले भाऊ माझं पुस्तक? नायिका जगली का मेली, तेवढं तरी सांगा!" असे त्या येता-जाता म्हणतात. त्यांनी आपल्या कार्यालयाला लिहिले असता, "सदर वस्तूंची नोंद 'वजने' अशी असून वजने वाचनास देता येत नाहीत" असे उत्तर आले. हल्ली त्या खुर्ची ओढून ढिगासमोर बसतात व पुस्तकांच्या पाठीवरची नावे वाचून घरी जातात.

५. अर्जदार आपल्या कार्यालयात स्वतः गेला होता. लेखनिक प्रणालीताई सौजन्याने म्हणाल्या, "काका, अहवालाशिवाय वजन उतरत नाही, आणि साहेब आल्याशिवाय अहवाल होत नाही." साहेब कधी येतील, असे विचारले. "तुम्ही अर्ज केलाय ना? मग झालं." दोन अर्ज केले आहेत, हे सांगायचे अर्जदाराला धैर्य झाले नाही. म्हणून हा तिसरा.

६. आज सकाळी तुळईतून बारीक करकर ऐकू आली. लाकूड बोलले की गोंद सुटला, हे अर्जदाराला ओळखता येत नाही. कुंदाताईंची खुर्ची त्याने मागे सरकवली आणि पुस्तके उतरवायला तो उठला. मोहोरेपर्यंत हात गेला. मिस्त्री म्हणाले, "तोड़ दो बाबूजी, कौन देख रहा है?" पण दुसऱ्याने लावलेली मोहोर तोडणे त्याला जमले नाही.

तरी आपण कृपा करून यावे. येणे शक्य नसल्यास, मोहोर तुटली तरी हरकत नाही, एवढी एक ओळ कोणाहाती लिहून पाठवावी. सही नसली तरी चालेल.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारा,
गुणवंत वासुदेव पळसोकर
निवृत्त ग्रंथपाल

जबलपूर, दि. १४ ऑगस्ट २०२५

सोबत : उत्तरासाठी कोरा कागद व पत्ता लिहिलेले पाकीट.