फोटोतल्या चौदा वस्तू

३ मार्च
कुलूप लावलं आणि पुस्तकच मुकं झालं! प्रकाशकाची अट आहे — फाइल आपल्या ग्रंथालयातल्या तेरा दृष्टिहीन मुलांच्या बाहेर गेली, तर पुढे एकही पुस्तक नाही. म्हणून मी फाइल कॉपी होणं बंद केलं. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही त्यासोबत बंद! मुलं हेडफोन लावून नुसती बसलेली. परीक्षा तीन आठवड्यांवर. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कानसेन हसले. आमचे तपासनीस — जन्मापासून दिसत नाही, प्रत्येक फाइल ऐकून तपासतात. "डोळस कुलूप आहे हे," एवढंच म्हणाले.

४ मार्च
पान ११२ वर शिंप्याच्या दुकानाचा फोटो आहे. त्यात काय काय दिसतं, कानसेनांनी विचारलं. मी चौदा वस्तू सांगितल्या — घड्याळ, कात्री, दारामागची छत्री वगैरे. फोटोचं वर्णन पानावर दिसत नाही, फक्त ऐकू येतं. प्रत्येक मुलाच्या प्रतीतल्या वर्णनात त्यांनी वेगळी एक वस्तू घातली. चौदावी माझ्या प्रतीत. फाइल फुटली, तर कोणाची ते कळणार. मी कुलूप काढून टाकलं. यादी मात्र त्यांच्या डोक्यात! काय माणूस आहे!

७ मार्च
कानसेनांच्या शेजारी बसून ऐकलं. चौपट वेग. मला नुसती गुणगुण. ते मध्येच थांबले — एक ओळ दोनदा आली होती. ती फाइल मी तीनदा वाचलेली.

९ मार्च
धाकट्या बहिणीचा फोन. भाचीला ते पुस्तक कुठेच मिळत नाही. माझी प्रत पाठवून दिली. घरातलीच तर आहे.

१५ मार्च
प्रकाशकाचं पत्र. पुस्तक कुठल्यातरी क्लासच्या ग्रुपवर फिरतंय. कोणाची प्रत ते दोन दिवसांत कळवा, नाहीतर सगळ्या परवानग्या रद्द. मुलांची तोंडं बघवेनात. प्रत्येकाला वाटतंय, आळ आपल्यावरच येणार.

मनात पाल चुकचुकली. धाकटीला फोन लावला, तिने उचलायच्या आत ठेवून दिला.

१६ मार्च
ग्रंथपालांसमोर कानसेनांनी ती फुटलेली फाइल ऐकली. म्हणाले, आवाज नीट कळला नाही, उद्या सांगतो.

ग्रंथपाल गेल्यावर त्यांनी काठी उचलली. "त्यात छत्री आहे, ताई. छत्री तुमची. ग्रंथपाल नऊला येतात. मी उद्या दहाला येईन."

एरवी ते साडेआठला येतात.