अन् इमानच खोटं बोललं तं?

प्रिय बाबा,

आज वर्गात माझी चांगलीच फजिती झाली. विमानांची वाहतूक सांभाळायला शिकणारी नवीन मुलं आमच्याकडे आलीत आणि उपग्रहांच्या मदतीने विमानाचा माग कसा ठेवायचा, हे त्यांना शिकवायचं काम माझ्याकडे आलंय. मी फळ्यापाशी उभी राहून ऐटीत सांगत होते, "विमान उपग्रहांकडून स्वतःची जागा जाणून घेतं आणि आपल्याला स्वतःच कळवतं, मी इथे आहे." मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, पण विमानाने चुकीचं कळवलं तर?" झालं! पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आले. तेव्हापासून तुमच्याशी बोलायचंय, म्हणून लिहितेय.

कारण हा प्रश्न तुमचा होता, बाबा.

आठवतं? तुम्ही मळ्यात मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होतात आणि मी बांधावर बसून माझं ज्ञान पाजळत होते. जिथे रडार पोचत नाही तिथे पूर्वी वैमानिक रेडिओवर सांगायचा, अमुक ठिकाणी पोचलो, आणि खाली बसलेला माणूस त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा. तुम्ही हसलात. "म्हंजे माह्यावानीच!" आता मात्र विमान दर क्षणाला आपणहून सांगतं, असं मी म्हटलं, तर जुडी हातातच ठेवून तुम्ही विचारलंत, "अन् इमानच खोटं बोललं तं?"

विमान हा शब्द तुमच्या तोंडून कधी नीट आलाच नाही. शाळेत असताना मी किती चिडायची! "बाबा, वि-मान म्हणा." "तेच तं म्हणून राहिलो ना वं, इमान." मग मीच नाद सोडला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मी पाठ केल्यासारखं दिलं होतं. म्हणून तर आम्ही ताळा पाहतो, रडारशी पडताळतो, वैमानिकाशी बोलतो, एकाच्याच सांगण्यावर विसंबत नाही. तुम्ही मान डोलावलीत. "हाव, हे बरं हाये."

आणि तुमच्या फोनवर नकाशा मीच चालू करून दिला. का नाही करणार? अकोल्याच्या बाजारातून अकोटला घरी यायला निघालात की नाही हे विचारलं की तुमचं एकच, "येऊनच राहिलो!" आई बिचारी भाकरी झाकून बसायची. पहिल्याच आठवड्यात सापडलात की नाही? "चोहोट्टा मागं पडला, हे अकोट आलंच," असं ठणकावून सांगितलंत आणि नकाशावरचा ठिपका अकोल्याच्या जुन्या शहरातून हललेलाच नव्हता! "बाबा, चोहोट्टा जुन्या शहरात कधी आला?" मी विचारलं. तिकडून इतक्या जोरात हसलात की मलाही फोन धरवेना.

मग संध्याकाळी हळूच विचारलंत, "हे मले पायते, का फोनले पायते?"

"फोनला," मी म्हणाले.

"असं!"

त्या "असं!"मध्ये काय काय होतं, ते मला तेव्हा कळायला हवं होतं. युक्ती मीच शिकवली हो तुम्हाला!

पुढचे सहा महिने मी याच उपग्रहांच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादला होते. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तुमचा ठिपका सकाळपासून दुपारपर्यंत बाजारात, गजाननकाकांच्या वांग्यांच्या दुकानावर. फोन लावला की काका उचलायचे. "बाबा थे तिकडं भाव करून राहिले, मंग लावतो म्हणे." ठिपका बाजारात, काका बाजारात, म्हणजे बाबाही बाजारात. किती सोपं!

तुम्ही गेल्यावर, तेराव्याला, काका माझ्यासमोर मान खाली घालून उभे राहिले. "फोन माह्यापाशी ठेवून तुहे बाबा दवाखान्यात जात, बाई. मूत्रपिंडं खराब झाली होती. मशीनवर चार चार घंटे. पोरीले सांगजो नोको, तिचं शिक्षण होऊन राहिलं, असं म्हणत. तुहा फोन वाजला का उचलाचं माह्या जिवावर ये."

आईलाही माहीत होतं. ती म्हणाली, "मी लय सांगतलं. आयकते कोनाचं थे?"

मला तुमचा राग आला, बाबा. दुःख नंतर आलं, आधी रागच आला. आणि त्याहून जास्त स्वतःचा. दिवसभर परक्या विमानांचा ताळा पाहणारी मी, घरच्या माणसाचा एकदाही पाहिला नाही! एक मंगळवार सुट्टी घेऊन आले असते तर? त्या पलंगाशेजारी बसून चार तास नुसत्या गप्पा मारल्या असत्या. परीक्षा काय, पुन्हा देता आली असती. तुम्ही मला हे ठरवू द्यायला हवं होतं. एवढं तरी कबूल करा.

नंतर मी त्या दवाखान्यात जाऊन आले. तुमचे कागद आणायचे होते. नर्सबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमीच का त्या इमानवाल्या ताई? काका साऱ्या वार्डाले सांगत, माही पोरगी आभायातल्या इमानाईले रस्ता दाखवते म्हून." मी तिथल्याच स्टुलावर बसले आणि लहान पोरीसारखी रडले. त्यांनी रडू दिलं.

पाणी पिऊन आज मी वर्गात परत गेले. त्या मुलीला म्हटलं, प्रश्न अगदी बरोबर आहे, माझ्या वडिलांनीही हाच विचारला होता. तिला वाटलं, तुमचाही याच कामात जन्म गेला असणार. मी ते खोडून काढलं नाही.

आता एक बातमी. आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे शुक्रवारी, अकोल्याला. फोनवर मला म्हणते कशी, "तू कायले येतं वं? डोयाचं तं काम हाये. गजाननभाऊ हायेत संगं." आवाज अगदी ठणठणीत. मी बरं, नाही येत, असं म्हणणारच होते, बाबा. खरं सांगते, जिभेवर आलं होतं.

सुट्टीचा अर्ज देऊन आलेय. गुरुवारीच निघते. शुक्रवारी आत नेतील तेव्हा मी दाराशी असेन, आणि दुसऱ्या दिवशी पट्टी सोडतील तेव्हा त्या डोळ्यासमोर पहिली मी असेन. हा तुम्हाला शब्द.

तुमचीच पोट्टी,
पल्लवी