आजोबांच्या नाण्यावरचा ठसा

प्रिय व्याहीबुवांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात भिंग आहे, तेव्हा दीडच समजावा). तुमचा खोकला आणि विहीणबाईंचा राग, दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे.

नाणं पोचलं. त्यावरच्या राजाच्या गालावर कुणीतरी ठोकलेला ठसा म्हणजे तुमच्या आजोबांनी खोटी नाणी खपवल्याचा डाग, अशा समजुतीने तुमच्या घराण्याने ते सुयांच्या डब्यात दडवलं; आणि आता ते नातीला द्यावं की नदीत फेकावं, हे तुम्ही माझ्यावर सोपवलंत. झिजलेला ठसा ओल्या साबणात दाबला की उठून दिसतो, ही माझी स्वतःची पद्धत (शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून पद्धती भरपूर आहेत). दाबला, तर मासा दिसला! आठवडाभर मी कोळ्यांच्या संघटना धुंडाळत होतो. शेवटी आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, माशाला बोटं कधीपासून फुटली?" पाहतो तर हातात हात! त्यांच्या नजरेला मी सलाम ठोकला (मनातल्या मनात, उघड ठोकला तर वर्षभर ऐकावं लागतं).

हातात हात ही इथल्या जुन्या बंधुमंडळाची खूण. चपलांच्या दुकानावर त्यांचं सभागृह अजून आहे. दारात एका म्हाताऱ्याने हात पुढे केला. ठसा ताडून पाहावा म्हणून मी नाण्यावरच्यासारखीच बोटं अडकवली. ती निघाली सदस्यांची गुप्त खूण! "उशीर केलात, बंधू, अध्यक्षाची खुर्ची रिकामीच आहे," म्हणत त्यांनी माझ्या गळ्यात मानाचा पट्टा घातला, हातात लाकडी हातोडा दिला, आणि मी सभेचा अध्यक्ष झालो.

पण माणसं काय सोन्यासारखी! नाणं पाहताच सगळे उठून उभे राहिले. सदस्य आजारी पडला की पाळीपाळीने त्याच्या उशाशी बसायचं, असा त्यांचा नेम. मोठ्या साथीतही जे आजाऱ्याच्या उंबरठ्याबाहेर थांबले नाहीत, त्यांच्या खिशातल्याच नाण्यावर मंडळाने हा ठसा मारून दिला. पदकं करण्याची ऐपत नव्हती. तुमचे आजोबा त्यांतले, व्याहीबुवा. माझे डोळे असे भरले की भिंग कुचकामी झालं. नातीला नाणं ताठ मानेने द्या.

तुमचा,
व्याही

ता. क. : मंडळातले एक बंधू अंथरुणाला खिळलेत. अध्यक्ष या नात्याने रविवार दुपारच्या पाळीला तुमचं नाव घातलं आहे.

पुन्हा ता. क. : ते पत्त्यांत लबाडी करतात. पकडू नका. मी पकडली, तर त्यांनी माझी पाळीच बंद केली, म्हणून तर तुमचं नाव घालावं लागलं.