चुकलेलं कडवं

प्रिय चिमणे,

रविवारी फोनवर तू आपली शाळेतली कविता म्हटलीस, बाकावर ठेका धरून म्हणायचो ती. नेहमीसारखं तिसरं कडवं दुसऱ्याच्या आधी घेतलंस. साठ वर्षं मी तुला तिथेच अडवत आलोय. या वेळी नुसतं "वा!" म्हणालो. तू हळूच विचारलंस, "दादा, जेवलास ना रे?" फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, तुझी चूक मला कळलीच नव्हती.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडून फॉर्म आणला. मला ठरवता येईनासं झालं, तर माझ्या उपचारांचं कोणी ठरवायचं, तिथे तुझं नाव लिहिलंय. मुलगा गुणाचा आहे गं, पण डॉक्टर दहा नळ्या म्हणाले, तर हा अकरावीलाही मान डोलावेल. तू मात्र लहानपणापासून मला "पुरे आता" म्हणत आलीस.

मला घरीच ठेवा. पलंग खिडकीशी लावा. सांभाळायला येणारी बाई बडबडी असू दे. माणसं ओळखेनासा झालो, की नळ्या नकोत.

सहीसाठी तुला बोलावीन, पण हे पत्र देणार नाही, रडत बसशील. तुझी सही झाली की फॉर्मला टाचून ठेवीन. वेळ आली की सापडेल. तेव्हा उशाशी बसून तीच कविता म्हण. फक्त माझ्यासाठी म्हणून कडवी नीट लावू नकोस. बिनचूक म्हटलीस, तर ही कोण परकी बाई आली म्हणून मी घाबरेन.

तुझाच,
दादा